लोटणे

इंग्रजीतला तो शब्द बोटांना येईना.
वकीलबाई म्हणाल्या, मुळात फ्रेंच आहे,
प्रतिज्ञापत्र तांडेलाचं, मराठीतच हवं, घाल काहीतरी.
मी टाइप केलं, 'परत पाठवू नये'. खोडलं.
पाठवतात पत्र. लेकीला सासरी पाठवतात,
सोबत डबा देऊन.

बाकावर पूर्णगडचा बशीर तांडेल,
टोपी गुडघ्यावर, इतका वेळ गप्प.
म्हणाला, "म्हणजे लोटू नये, एवढंच ना?
होडी लोटतो आम्ही, तसा माणूस लोटू नये."

मी लिहिलं: माझ्या खलाशाला लोटू नये.
बाईंनी त्याचं केलं, 'लोटण्यात येऊ नये'.
कायद्याला हा प्रयोग आवडतो,
त्यात कुणीच कुणाला काही करत नाही.

नकाराचं पत्र दीड पानाचं.
एक पान पत्त्यांचं आणि जावक क्रमांकांचं.
जोहार आलम, राहणार आराकान,
वय एकदा सव्वीस, एकदा बासष्ट.
शेवटी एक ओळ: भीती सिद्ध होत नाही.

दुभाषा मालद्याचा, गवंडीकाम करणारा,
हातावरचं सिमेंट तसंच घेऊन आलेला.
जोहार सारखा म्हणत होता, घोर, घोर.
घर म्हणतोय, दुभाष्याने सांगितलं,
घर जाळलं म्हणतोय.
आमच्यात घोर जिवाला लागतो.
मी बराच वेळ चुकीचं ऐकत राहिले
आणि काहीच चुकलं नाही.

तारीख कोल्हापूरला.
पन्नास वर्षं उधाणात उभा राहिलेला बशीर
साखरप्याच्या पुढे, आंबा घाटात,
खिडकीतून डोकं काढून ओकला.
"हे डोंगर हलतात," म्हणाला.

कोर्टाने विचारलं नाही, हा परत गेला तर मरेल का.
ते काम आमचं नाही, साहेब म्हणाले.
विचारलं एवढंच:
सही करणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारला होता का?
विचारला असेल तर उत्तर कुठल्या पानावर आहे?
सरकारी वकील पानं उलटत राहिले.
पंख्याखाली दीड पान उलटायला
किती वेळ लागतो, मी मोजला नाही.

मग ते म्हणाले, त्या करारावर आपली सही नाही.
बाई म्हणाल्या, नसेल.
एकविसाव्या कलमात नागरिक हा शब्दच नाही,
व्यक्ती आहे.
इतका साधा शब्द.
मी तो रोज टाइप करते, वाहन परवान्यांच्या अर्जांत.

बाहेर चहा पिताना कुणीतरी म्हणालं,
त्याचाच देश ना तो, मासा पाण्यात सोडल्यासारखंच.
बशीर म्हणाला, बारकी मासळी मीही परत टाकतो.
पण आधी बघतो,
खाली दुसऱ्याचं जाळं लागलंय का.

निकाल संध्याकाळी.
नकार रद्द. फेरविचारासाठी परत.
मी दचकले त्या शब्दाला.
बाई हसल्या: फाईल परत, माणूस नाही.
चार आठवड्यांत नव्याने निर्णय,
तोच अधिकारी, तेच टेबल,
या वेळी कारणं लिहायची, एवढाच हुकूम.
तोवर तालुका सोडायचा नाही.
समुद्रात जायचं नाही,
कारण समुद्र म्हणजे सरहद्द.

परवा पूर्णगडला गेले, अंगठ्याचे ठसे घ्यायला.
जोहार पुळणीवर जाळं शिवत होता,
सुई आमच्या बायकांसारखीच दातांत धरून.
भरती लागली तसे सगळे उठले,
होडीला खांदे लागले, तोही उठला.
लोटा, लोटा.
गुडघाभर पाण्यात बाकीचे वर चढले
आणि तो थांबला.

हुकुमात समुद्र कुठून सुरू होतो ते लिहिलेलं नाही.
मी पुन्हा वाचून पाहिला.
पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं.
तो एक पाऊल मागे आला.
मग आणखी एक.